अंतर मजलांचे आणि घटकांचे

दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्यानजीक तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर हे शहर झाले. या लष्करातील इंदरगंज भागातल्या मराठी कुटुंबास ‘मुंबई किती दूर?’ हा प्रश्न पडतो, तो भूगोलाच्या पुस्तकातला नव्हे. आप्तस्वकीयांच्या आजारपणाचा आणि लग्नमुंजींचा असतो. १७९२ साली महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यास आले, त्या काळी असले उत्तर मजलांत दिले जाई. आज ते तासांत देतात. मात्र कोणते तास धरावयाचे, याविषयी घोटाळा फार होतो.

पृथ्वीच्या गोलावर ग्वाल्हेर व मुंबई यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर सुमारे ९६५ किलोमीटर अंतर भरते. गमतीची गोष्ट अशी की, पुणेही जवळजवळ तेवढ्याच अंतरावर आहे. आगगाडीस हा दोरा ठाऊक नसतो. भोपाळ, इटारसी, भुसावळ असे वळण घेता घेता तिचे सव्वाबाराशे किलोमीटर होतात. १९१२ साली सुरू झालेली पंजाब मेल याच मार्गाने जाते व तिला वीस-एकवीस तास लागतात.

विमानाचा वेग ताशी आठशे किलोमीटर धरला, तर सव्वा तासात मुंबई यावयास हवी. वेळापत्रकात मात्र दोन तासांच्या आसपास वेळ दाखविलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, उतरण्यासाठी वेग कमी करणे आणि मुंबईच्या आकाशात आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हे सारे त्यात मोडते. हिवाळ्यात उत्तर भारतावर फार उंचावरून पश्चिमेचे प्रबळ वारे वाहतात. म्हणून मुंबईस जाताना थोडा अधिक, परतताना थोडा कमी वेळ लागतो.

घड्याळही फसविते. नैरोबी ते लागोस हे अंतर सुमारे ३,८०० किलोमीटर आहे. सकाळी दहाला निघालेले विमान पाच तास उडून लागोसला पोहोचते, तेव्हा तेथे दुपारचा एकच वाजलेला असतो, कारण लागोसचे घड्याळ नैरोबीच्या दोन तास मागे आहे. तिकीट पाहणाऱ्यास प्रवास तीन तासांचा वाटतो आणि परतीचा सात तासांचा! भारतात सर्वत्र एकच वेळ असल्याने ही फसगत आपल्याकडे होत नाही.

आपल्याकडची फसगत निराळी. इंदरगंजाहून शहराच्या ईशान्येस असलेल्या महाराजपूर विमानतळावर जाणे, तेथे बरेच आधी हजर राहणे, मुंबईत सामान घेऊन दादर-गिरगाव गाठणे, हे मिळून दोन तासांचे सहा-सात तास सहज होतात. डिसेंबर-जानेवारीत दाट धुके पडले, तर तेही सांगता येत नाही. अर्थात धुके आगगाडीलाही सोडत नाही.

सर्वांत मोठा भाग असतो तो प्रतीक्षेचा. वडील अत्यवस्थ असल्याचा निरोप संध्याकाळी आला आणि विमान दुसऱ्या दिवशी दुपारी असले, तर मधले अठरा तासही अंतरातच धरले पाहिजेत. अशा वेळी रात्री मिळणाऱ्या गाडीत बसलेला मुलगा, विमानाची वाट पाहत घरी थांबलेल्या भावाच्या फारसा मागे न राहता दादरच्या जिन्यावर पोहोचतो.