नवापूरच्या फलाटावरचे दिवे : डीकोडरची जोडणी आणि प्रोग्रामिंग

नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर स्टेशन मॉडेलसाठी फार सुंदर विषय आहे. सुरत-भुसावळ मार्गावरच्या या स्टेशनातून राज्याची सीमा जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशन मास्तरांचं कार्यालय गुजरातेत. पुण्याच्या कोथरूडमधलं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांना छोट्या गाड्यांचं जग दाखवतं आहे. अशा मॉडेलमध्ये खरा जीव येतो तो दिवे लागले की. म्हणून घरच्या एचओ मापाच्या, म्हणजे १:८७ प्रमाणातल्या नवापूरला डिजिटल दिवे कसे बसवायचे, ते क्रमाने पाहू.

जुन्या पद्धतीत रुळांतला व्होल्टेज कमीजास्त करून गाडी पळवत. गाडी थांबली की तिचे दिवेही विझत. डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, पद्धतीत रुळांवर कायम १५ व्होल्टच्या आसपास वीज असते आणि हुकूमही तीच वाहून नेते. विजेची दिशा सतत उलटसुलट होते. प्रत्येक अर्धा टप्पा ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो ‘१’, १०० किंवा जास्त असेल तर ‘०’. या अंकांतून आधी पत्ता, मग हुकूम आणि शेवटी चूक पकडणारा तपासणीचा अंक जातो. फलाटावरची घोषणा सगळ्यांच्या कानावर पडते, पण ज्याची गाडी आहे तोच उठतो. तसंच इथे : हुकूम सगळ्या डीकोडरना, म्हणजे हुकूम ओळखून पाळणाऱ्या छोट्या सर्किटना, मिळतो, पाळतो तो फक्त त्या पत्त्याचा. जर्मनीच्या लेन्झ कंपनीने घडवलेली ही पद्धत अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेने १९९० च्या दशकात मानक म्हणून स्वीकारली. त्यामुळे एका कंपनीचा कंट्रोलर दुसऱ्या कंपनीच्या डीकोडरशी बोलू शकतो.

स्टेशनला मोटर नसते, म्हणून फक्त दिव्यांसाठी असलेला फंक्शन डीकोडर घ्या. त्याच्या वायरींचे रंग ठरलेले असतात. लाल आणि काळी रुळांना जोडायची. निळी ही सगळ्या दिव्यांची सामाईक धन बाजू. पांढरी, पिवळी, हिरवी आणि जांभळी या चार वायरी डीकोडर चालू-बंद करतो. आपण पांढरी महाराष्ट्राकडच्या फलाटाला, पिवळी गुजरातकडच्या फलाटाला, हिरवी तिकीट खिडकीला आणि जांभळी स्टेशन मास्तरांच्या खोलीला देऊ.

एलईडीचा लांब पाय निळ्या वायरीला आणि आखूड पाय रंगीत वायरीला जोडा. मध्ये रेझिस्टर हवाच. त्याचं गणित सोपं आहे. डीकोडरमधून साधारण १४ व्होल्ट मिळतात, पांढरा एलईडी ३ घेतो, उरले ११. फलाटाच्या दिव्याला ५ मिलिअँपिअर पुरतात. ११ ला ०.००५ ने भागलं की २२०० ओहम, म्हणजे २.२ किलोओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर द्या. फलाटाच्या एका बाजूला आठ दिवे असतील तर ४० मिलिअँपिअर होतात. डीकोडरच्या माहितीपत्रकातली मर्यादा पाहूनच दिवे वाढवा. उजेड डोळ्यांत खुपत असेल तर रेझिस्टर मोठा करा. खेड्यातल्या स्टेशनावर रात्री लख्ख झगझगाट नसतो.

सोल्डर केलेल्या प्रत्येक सांध्यावर हीट-श्रिंकची नळी चढवा. निळी किंवा रंगीत वायर रुळाला टेकली तर डीकोडर क्षणात जळू शकतो, म्हणून वीज देण्याआधी मल्टिमीटरने तपासून घ्या.

आता प्रोग्रामिंग. डीकोडरच्या आठवणीत क्रमांक दिलेले कप्पे असतात, त्यांना सीव्ही म्हणतात. लेआउटपासून तोडलेल्या वेगळ्या रुळावर फक्त हाच डीकोडर ठेवा, नाहीतर त्या रुळावरच्या इंजिनांचेही पत्ते बदलतील. सीव्ही १ मध्ये पत्ता असतो. नवा डीकोडर ३ घेऊन येतो. तिथे ५२ लिहा.

पुढची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. हेडलाइटच्या बटणावर, म्हणजे एफ० वर, गाडी पुढे जाताना पांढरी वायर चालते आणि मागे जाताना पिवळी. स्टेशन हलत नाही, पण कंट्रोलरवर त्याच्या पत्त्यालाही दिशा असते. त्यामुळे दिशा बदलली की महाराष्ट्राकडचा फलाट विझेल आणि गुजरातकडचा उजळेल. हे सीव्ही ३३ आणि ३४ ठरवतात. पांढरीला १, पिवळीला २, हिरवीला ४, जांभळीला ८ असे आकडे आहेत. दोन्ही फलाट एकत्र लागावेत म्हणून १ आणि २ ची बेरीज, ३, ही सीव्ही ३३ आणि ३४ या दोन्हींत लिहा. दिशा कुठलीही असो, अख्खा फलाट उजळतो. एफ१ साठी सीव्ही ३५ मध्ये ४ आणि एफ२ साठी सीव्ही ३६ मध्ये ८ असतील, तर खिडकी आणि मास्तरांची खोली आपापल्या बटणावर लागतात.

लिहिल्यावर कंट्रोलर ‘चूक’ दाखवेल, तर घाबरू नका. डीकोडर ‘समजलं’ हे ६ मिलिसेकंद किमान ६० मिलिअँपिअर वीज ओढून कळवतो. मोटर नसल्याने आणि एलईडी फार कमी वीज घेत असल्याने तो इशारा पोहोचत नाही. आकडा मात्र बहुधा लिहिला गेलेला असतो. डीकोडर लेआउटला जोडून ५२ वर एफ० दाबून पाहा. सगळंच विस्कटलं तर बऱ्याच कंपन्यांच्या डीकोडरमध्ये सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की मूळ स्थिती परत येते.

छप्पर चिकटवण्याआधी पत्ता, चारही सीव्हींचे आकडे आणि कुठली वायर कुठे गेली हे कागदावर लिहून स्टेशनच्या तळाशी लावा. काही वर्षांनी एखादा दिवा गेला, तर दुरुस्ती करणाऱ्याला, तो तुम्ही असा किंवा तुमची मुलं, छप्पर न उचकटता नेमकी वायर सापडेल.