माशांच्या पाण्यात थोडा दगड हवा

घरात फिश टँक आला की कुणालाही वाटतं, आपण पितो तेच आरओचं नितळ पाणी माशांनाही द्यावं. बोअरचं मचूळ पाणी त्यांना कशाला? विचार मायेचा आहे, पण नुसत्या आरओच्या पाण्यात माशाचे हाल होतात. स्वच्छ पाण्यात हाल कसे काय? आधी एक सोपा प्रयोग करा.

रात्री चार मनुका वाटीभर पाण्यात टाका. सकाळी बघा, टम्म फुगलेल्या असतील. मनुकेच्या आत साखर दाटीनं भरलेली, बाहेर साधं पाणी. असं झालं की पाणी सालीतून आत शिरतं, आतला दाटपणा कमी करायला. गोड्या पाण्यातल्या माशाचंही असंच आहे. त्याच्या रक्तात क्षार जास्त, भोवतीच्या पाण्यात कमी. त्यामुळे कल्ल्यांच्या नाजूक पडद्यांतून पाणी दिवसरात्र त्याच्या अंगात शिरत असतं. म्हणून तर गोड्या पाण्यातले मासे पाणी जवळजवळ पीतच नाहीत!

मग मासा मनुकेसारखा फुगत का नाही? कारण त्याची मूत्रपिंडं ते जादा पाणी सतत बाहेर टाकतात. आता पाण्याबरोबर थोडे क्षारही जाणारच. ते भरून काढायला कल्ल्यांमध्ये खास पेशी असतात. भोवतीच्या पाण्यातून सोडियम, क्लोराइड, कॅल्शियम त्या वेचून आत घेतात. पाण्यात कॅल्शियम असलं, तर कल्ल्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून राहतात आणि क्षारांची गळती कमी होते. पण आरओनं जवळजवळ सगळे क्षार काढून टाकले आणि बाहेर वेचण्यासारखं काही उरलंच नसेल, तर? मासा थकतो, खाणं टाकतो, आजाराला लवकर बळी पडतो.

नदीत मात्र क्षार घालायला कुणी जात नाही. तिथे हे काम दगड करतात. पावसाच्या पाण्यात क्षार अगदी थोडे असतात. सह्याद्रीवर ते कोसळतं, काळ्या कातळावरून वाहतं, मातीत मुरतं. मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळून ते किंचित आम्लधर्मी होतं आणि कातळातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम थोडं थोडं विरघळवत नेतं. जे पाणी जमिनीखाली वर्षानुवर्षं मुरलं, त्यात क्षार जास्त. म्हणूनच बोअरच्या पाण्याचे बादलीवर पांढरे डाग पडतात आणि धरणाच्या पाण्याचे सहसा पडत नाहीत. मला तर हे फार आवडतं, की ओढ्यातला प्रत्येक मासा विरघळलेल्या डोंगरात पोहत असतो.

प्रत्येक नदीचा डोंगर वेगळा, म्हणून पाणीही वेगळं. दक्षिण अमेरिकेतली रिओ निग्रो नदी चहाच्या रंगाची, आम्लधर्मी. तिच्यात क्षार जवळजवळ पावसाच्या पाण्याइतकेच कमी. लालनिळा कार्डिनल टेट्रा तिथला. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराचं पाणी उलट जड, त्याचा पीएच 9 च्या जवळ. तिथल्या सिक्लिड माशांना टेट्राचं पाणी सोसणार नाही आणि टेट्राला त्यांचं. आपल्या नळाला मात्र जे येतं ते येतं. म्हणून हौशी लोक काय करतात, तर आधी आरओनं पाण्यातलं जवळजवळ सगळं काढून टाकतात आणि मग आपल्या माशाला हवं तेवढंच परत घालतात. (आरओचा उपयोगी पडदा पहिल्यांदा तयार झाला अमेरिकेत, 1960 च्या सुमारास. तो करणाऱ्या दोघांपैकी एक होते भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन.)

परत काय घालायचं? मुख्यतः दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली म्हणजे जीएच, म्हणजे पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती आहे ते. दुसरी केएच, म्हणजे बायकार्बोनेट किती आहे ते. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो आणि टँकमधले उपयोगी जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. या कामात आम्ल तयार होतं आणि बायकार्बोनेट ते आम्ल गिळून टाकतं. केएच शून्य असेल, तर एक दिवस पीएच एकदम घसरतो. मग माशांना त्रास होतोच, शिवाय त्या जिवाणूंचं कामही मंदावतं.

एक साधं प्रमाण सांगते. 20 लिटर आरओच्या पाण्यात 2 ग्रॅम शुद्ध जिप्सम, 1 ग्रॅम एप्सम सॉल्ट आणि 1 ग्रॅम खाण्याचा सोडा. जिप्सममधून कॅल्शियम मिळतं, एप्सम सॉल्टमधून मॅग्नेशियम, सोड्यातून बायकार्बोनेट. याने जीएच साधारण साडेचार अंशांनी वाढतो आणि केएच दीडच्या थोडा वर जातो. बऱ्याचशा टेट्रा, रासबोरांना एवढं पुरतं; गप्पींना याहून जड पाणी मानवतं. वजन करताना घरातलं मोठं माणूस जवळ हवं आणि काटा ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा हवा, चमच्याचा अंदाज इथे चालत नाही. जिप्सम फार हळू विरघळतं. म्हणून हे सगळं बादलीत करायचं, हवेचा पंप लावून काही तास ठेवायचं. टँकमध्ये भुकटी थेट कधीच टाकायची नाही.

काही घरगुती आरओ यंत्रं थोडं मूळ पाणी परत मिसळतात, म्हणून आधी मोजायला हवं. इथे टीडीएस मीटरवर पूर्ण भरवसा ठेवू नका. एका पेल्यात आरओचं पाणी घ्या, मीटर बुडवा, आकडा लिहा. मग चिमूटभर मीठ टाकून ढवळा. आकडा टुणकन वर जाईल! आता त्याच पाण्याची जीएच किटनं तपासणी करा. नळीत पाणी घेऊन थेंब मोजत टाकायचे, नारिंगी रंग हिरवा झाला की थांबायचं. जितके थेंब तितके अंश. मीठ टाकूनही थेंब वाढणार नाहीत. कारण मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढंच पाहतो. ती मिठामुळे वाहते की कॅल्शियममुळे, हे त्याला कळत नाही.

कॅल्शियम कमी पडलं तर ते सगळ्यात आधी गोगलगायीवर दिसतं. भिंगातून तिचा शंख पाहा. टोकाकडचा जुना भाग पांढुरका पडलेला, खड्डे पडलेला दिसेल, कारण मऊ, आम्लधर्मी पाणी शंखातलं कॅल्शियम कार्बोनेट खात असतं. छोट्या चेरी कोळंबीची गोष्ट याहून नाजूक. ती वाढताना कात टाकते. जुनं कवच पाठीवर उकलतं, एका झटक्यात ती बाहेर येते आणि मऊ अंगानं झाडोऱ्यात दडून बसते. नवं कवच कडक करायला तिला कॅल्शियम लागतं, ते बरंचसं पाण्यातूनच. टाकलेली कात तिथेच राहू द्या, पुष्कळदा कोळंबीच ती खाऊन टाकते.

पाणी बदलताना एकदम सगळं बदलू नका. दर आठवड्याला पाचवा हिस्सा पुरे, कारण अचानक बदल माशांना बाधतो. आणि मे महिन्यात पाण्याची पातळी दोन बोटं खाली गेली, तर काय घालाल? क्षार कालवलेलं पाणी? नाही! उडून गेलं ते फक्त पाणी, क्षार सगळे टँकमध्येच राहिले. दर वेळी क्षाराचं पाणी घालत राहिलात, तर टँक हळूहळू जड होत जाईल. ही तूट भरायला मात्र नुसतं आरओचं पाणीच घालायचं.