पेणचे गणपती, रोह्याचे कारखाने

मुंबई-गोवा हमरस्त्याने पनवेल सोडले, की पुढचा मोठा बाजार पेणचा. तेथून वडखळ नाक्यावर उजव्या हाताचा अलिबाग फाटा सोडायचा, अंबा नदीकाठचे नागोठणे मागे टाकायचे आणि कोलाडला उजवीकडे वळायचे, म्हणजे कुंडलिकेच्या काठचे रोहा येते. दोन्ही तालुके मूळचे भाताचे. पण दोन्ही गावांनी शेतीला जोड निरनिराळी शोधली.

पेणचे नाव घराघरांत पोहोचले ते गणपतींमुळे. पेण शहरात आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत घरोघरी मूर्तींचे कारखाने आहेत. शाडूची माती गुजरातेतून येते. साच्यातून मूर्ती काढायची, वाळवायची, घासायची, रंगवायची आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी करायची. हे शेवटचे काम सरावलेल्या हाताचेच. बायका, मुले, म्हातारी माणसे, सर्वांना यात काम मिळते. लावणी आटोपली की शेतातले हात कारखान्यात येतात. येथले गणपती देशभर आणि परदेशातही जातात. पेणचे पोहे आणि पापडही असेच नावाजलेले.

या धंद्यापुढे आज मोठा प्रश्न आहे तो प्लास्टरचा. प्लास्टरची मूर्ती हलकी, स्वस्त आणि झटपट होणारी. पण ती पाण्यात विरघळत नाही. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अशा मूर्तींना मनाई करणारी सूत्रे काढली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवण्यास व विकण्यास मोकळीक दिली, तरी नदी-समुद्रातल्या विसर्जनाचा पेच राहिलाच. ज्या घरात शाडूचे काम हाताला आहे, त्या घराने ते सोडू नये, हे बरे.

रोह्याची गोष्ट वेगळी. १९८६ मध्ये येथे रेल्वे आली आणि पुढे कोकण रेल्वेचा आरंभही येथूनच झाला. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने उभे राहिले. आसपासच्या गावांतल्या तरुणांना पगार मिळू लागला, बाजारपेठ वाढली. मात्र सांडपाण्याने खाडीतली मासळी घटल्याची कोळी बांधवांची तक्रारही तितकीच जुनी आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे घराणे रोह्याचे. ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी दसऱ्यानंतर निघते, तेव्हा पोलीस तिला सलामी देतात. ती पाहायला गावोगावची माणसे लोटतात.

आता पाण्याकडे पाहू. मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजघरात वीज निर्माण करून कुंडलिकेत उतरते, म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहते. डोलवहालच्या बंधाऱ्यावरून ते कालव्यांनी शेतात जाते आणि उन्हाळी भात उभा राहतो. पेणमध्ये हेटवणे धरण आहे, पण त्याचे पाणी नवी मुंबईला जाते. खारेपाटातल्या कित्येक गावांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागत आली.

याच हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी २१ सप्टेंबर २००८ रोजी मतदान केले. प्रश्न एकच होता : महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही? बहुसंख्य शेतकऱ्यांनी ‘नाही’ म्हटले. पुढे तो प्रकल्प उभा राहिला नाही.

शेतकऱ्यांचा विरोध कारखान्याला म्हणून नव्हता. धाटावला जाणारा तरुण आणि हमरापूरला गणपती रंगवणारी सून, दोघांच्याही मिळकतीने घर चालते. पण दोघांनाही सुटीच्या दिवशी परतायला बांध असावा लागतो. रस्ता रुंद होईल, जमिनीचे भाव चढतील, दलाल दारी येतील. अशा वेळी सही करण्याआधी घरातल्या सर्वांनी, बायकांनीसुद्धा, एकत्र बसून सातबारा वाचावा आणि मगच काय ते ठरवावे.