वस्तीवरील घरासाठी बिनतारी धोक्याची घंटा : निवड व मांडणी

सुगी संपून धान्य घरात आले, कापसाचे वा सोयाबीनचे पैसे हाती पडले, म्हणजे शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचे फळ चार भिंतींच्या आत येते. गावठाणातील घराला शेजाऱ्यांचा आधार असतो. शेतातील वस्तीवरचे घर मात्र एकाकी असते. दिवसा कर्ती माणसे रानात आणि रात्री पाण्याच्या पाळीवर. घरी राहतात ती म्हातारी माणसे व मुले. अशा घरांसाठी बिनतारी धोक्याची घंटा आता सहज विकत मिळते. तिचे गुण व मर्यादा कोणत्या, ती कशी निवडावी व कशी बसवावी, याची माहिती शेतकरी बंधूंना व गावपातळीवरील कार्यकर्त्यांना व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. घंटा चोराला अडवीत नाही. अडविण्याचे काम मजबूत दार, कडीकोयंडा व कुलूप यांचे आहे. घंटा फक्त माणसांना हाक मारते. म्हणून ती हाक ऐकणार कोण आणि ऐकल्यावर करणार काय, हे ठरविल्यावाचून केलेला खर्च व्यर्थ जाण्याचा संभव असतो.

घंटेची रचना

दार उघडताच घंटा वाजावी ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील ऑगस्टस पोप यांनी अशा विजेच्या घंटेचे पेटंट १८५३ साली घेतले होते. त्या काळी दारापासून घंटेपर्यंत तार ओढावी लागे. आता तारेचे काम रेडिओलहरी करतात. एवढाच मुख्य फरक समजावा.

संचाचे तीन भाग असतात. पहिला भाग सेन्सरचा. दाराच्या सेन्सरमध्ये एक तुकडा चौकटीवर व दुसरा, लोहचुंबकाचा, फळीवर बसवितात. दार उघडून चुंबक दूर गेला की संदेश सुटतो. हालचालीचा सेन्सर माणसाच्या अंगातून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांतील बदल ओळखतो. दुसरा भाग मुख्य पेटी. ती सर्व सेन्सरांचे संदेश घेते. तिसरा भाग भोंगा व दूरध्वनीची सोय. पेटीत सिमकार्ड घातले असता ठरविलेल्या क्रमांकांवर ती स्वतः फोन करते.

निवड करताना

१. पेटी सिमकार्डावर चालणारी आहे की केवळ घरच्या वायफायवर, हे पाहावे. वीज गेली म्हणजे वायफायचा राउटर बंद पडतो व त्याबरोबर फोनची सोयही जाते. वस्तीवरील घरासाठी सिमकार्डाची पेटी अधिक भरवशाची होय.

२. सिमकार्ड कोणत्या जाळ्याचे चालेल, हे विक्रेत्यास आधी विचारावे. स्वस्त संचांपैकी पुष्कळ केवळ २जी जाळ्यावर चालतात. जिओचे जाळे ४जी व ५जी असल्याने त्याचे सिम अशा पेटीत चालत नाही. आपल्या घरात ज्या कंपनीचा संदेश स्पष्ट येतो तिचे सिम ज्या पेटीत चालेल, तीच घ्यावी.

३. वीज गेल्यावर पेटी किती तास चालते, हे माहितीपत्रकात पाहावे. हिशेब सोपा आहे. पेटीला १०० मिलिअँपिअर वीज लागत असेल, तर ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर ७० तास पुरते. बॅटरी जुनी झाल्यावर मात्र त्याहून बरीच कमी. खेड्यातील घरासाठी निदान एक दिवस व एक रात्र पुरेल अशी सोय असावी.

४. सेन्सरची बॅटरी संपत आली, अथवा तो कोणी काढून नेला, तर पेटी तसे कळविते काय, हे विचारावे. जी पेटी कळवीत नाही, तिचा एखादा सेन्सर महिनोन्महिने निकामी राहूनही घरच्यांना पत्ता लागत नाही.

५. रिमोटचा संकेत दर वेळी बदलणारा असावा. विक्रेते यास रोलिंग कोड म्हणतात. कायम एकच संकेत पाठविणाऱ्या रिमोटची नक्कल करता येते.

बसविण्याची रीत

समजा, घराला पुढील व मागील अशी दोन दारे, एक धान्याची खोली व १५० फुटांवर पंपघर आहे. अशा घरास दारांचे तीन सेन्सर, पंपघराच्या दाराला एक, आतील वाटेवर हालचालीचा एक व दोन भोंगे पुरेसे होतात. एक भोंगा घरात व दुसरा बाहेर, शिडीवाचून हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, पावसापासून आडोशाला लावावा. मुख्य पेटी दारातून दिसेल अशा जागी ठेवू नये. ती आतील खोलीत असावी.

खिळे ठोकण्यापूर्वी प्रत्येक सेन्सर त्याच्या जागी हातात धरून संदेश पेटीपर्यंत पोहोचतो की नाही, हे तपासावे. वेष्टनावर लिहिलेले अंतर मोकळ्या मैदानातील असते. जाड दगडी भिंती त्यात घट करतात आणि पत्रा तर रेडिओलहरी अडवितो. पत्र्याच्या पंपघराच्या बाबतीत ही परीक्षा अवश्य करावी. दार लोखंडी असल्यास चुंबकाचा जोर कमी पडतो. तेथे लोखंडी दारासाठी बनविलेला सेन्सर वापरावा किंवा मध्ये लाकडाची पट्टी द्यावी. पंपघराच्या दारावरील सेन्सर आतील स्टार्टरपुरताच उपयोगी आहे. बाहेर पसरलेल्या केबलचे रक्षण त्याने होत नाही.

हालचालीचा सेन्सर सुमारे ७ फूट उंचीवर, कोपऱ्यात लावावा. माणूस त्याच्यासमोरून आडवा गेला तर तो चटकन ओळखतो. सरळ त्याच्याकडे चालत आला तर उशिरा ओळखतो. म्हणून येणारा माणूस त्याच्यापुढून आडवा जाईल अशी जागा निवडावी. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात खोलीची उष्णता अंगाच्या उष्णतेइतकी होते, तेव्हा दोहोंतील फरक नाहीसा होऊन हा सेन्सर मंद पडतो. त्या दिवसांत मुख्य भिस्त दारांच्या सेन्सरांवरच ठेवावी.

खोटा इशारा

चुलीची धग, खिडकीतून सरकणारे ऊन, शेळी, कोंबडी, पोत्यांवर चढणारे मांजर यांपैकी कशानेही हालचालीचा सेन्सर चेतविला जातो. म्हणून तो अंगणात, गोठ्यात किंवा स्वयंपाकघरात लावू नये. लहान जनावरे वगळणारे सेन्सर मिळतात. परंतु मांजर पोत्यांच्या थप्पीवर चढून सेन्सरच्या जवळ आले, तर तेही फसतात. रात्री घरची माणसे आत झोपलेली असताना फक्त दारांचे व पंपघराचे सेन्सर चालू ठेवण्याची सोय पेटीत असते; तिचा उपयोग करावा. आठवड्यातून दोनदा विनाकारण भोंगा वाजला, तर तिसऱ्या आठवड्यात शेजारी कूसही बदलणार नाही.

हाकेला धावणारी माणसे

खोट्या इशाऱ्याचा दुसरा धोका याहून मोठा आहे. घाबरलेली माणसे रात्री एकत्र जमली म्हणजे विचार मागे पडतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. ते भर दिवसा घडले. भोंगा वाजला याचा अर्थ चोर आला असा नव्हे. कोणीतरी पाहून यावे, एवढाच त्याचा अर्थ. वाट चुकलेला वाटसरू, ऊसतोडणीची माणसे, रात्री उशिरा परतलेला घरचाच मुलगा, यांपैकी कोणीही दारात असू शकेल.

याकरिता जवळच्या तीन-चार घरांनी बसून पुढील गोष्टी आधीच ठरवाव्यात. पेटीत निदान तीन क्रमांक घालावेत व त्यांतील एक रात्री गावातच राहणाऱ्याचा असावा. भोंगा वाजताच घरातील माणसांनी दार न उघडता बाहेरचे दिवे लावावेत. शेजाऱ्यांनी एकट्याने धावू नये. दोघा-तिघांनी विजेऱ्या घेऊन, मोठ्याने हाका देत जावे. पळणारा पळून गेला तर जाऊ द्यावा. कोणी सापडलाच, तर त्याच्या अंगाला हात न लावता पोलीस पाटलांना बोलवावे व ११२ या क्रमांकावर कळवावे. हा फोन माणसानेच करावा; पेटीच्या क्रमांकांत तो घालू नये.

देखभाल

महिन्याच्या पहिल्या तारखेस शेजाऱ्यांना आधी सांगून प्रत्येक दार उघडून पाहावे, भोंगा वाजवावा, फोन येतो याची खात्री करावी. सहा महिन्यांतून एकदा पेटीची वीज एक रात्र बंद ठेवून बॅटरी तपासावी. सिमकार्डाची मुदत कोठे तरी भिंतीवर लिहून ठेवावी. मुदत संपलेल्या सिमने भोंगा वाजतो, पण फोन जात नाही. कारखान्यातून आलेला सांकेतिक क्रमांक पहिल्याच दिवशी बदलावा. घरातील वृद्धांना व मुलांना घंटा लावण्याची व बंद करण्याची रीत स्वतः करावयास लावून शिकवावी, कारण प्रसंगी घरात तीच असतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एखाद्या वस्तीवर असा संच बसविला गेल्यास त्याचे प्रात्यक्षिक आसपासच्या शेतकऱ्यांना दाखवावे. संच घेऊ इच्छिणाऱ्यास त्यांनी एक प्रश्न आवर्जून विचारावा : शेजारच्या घरांशी बोलणे झाले आहे काय? झाले नसेल, तर ते आधी करण्यास सांगावे व खरेदी त्यानंतर करावी.