दापोलीचे निवृत्त सैनिक आणि ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’

निवृत्त सैनिकांची संघटना म्हटली, म्हणजे सभासदांच्या निवृत्तिवेतनाचे प्रश्न, परस्परसाहाय्य आणि गावातील काही लोकोपयोगी कामे, एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर उभे राहते. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उदयास आलेली ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ ह्या चौकटीत पुरतेपणी बसत नाही. तिच्या मुळाशी लष्करातून निवृत्त झालेला महार सैनिकवर्ग होता. परंतु तिने अंगावर घेतलेले कार्य एका समग्र समाजाच्या हक्कांचे होते. सैनिकी सेवेतून नागरी कार्यकर्तृत्व कसे निर्माण झाले आणि त्या निर्मितीचा झरा कशामुळे आटला, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

प्रथम स्थळाचा विचार करू. १८१८ मध्ये पेशवाईचा पाडाव होऊन कोकण इंग्रजांच्या अमलाखाली आल्यावर दक्षिण कोकणातील लष्करी ठाण्यासाठी दापोलीची निवड झाली. समुद्रापासून जवळ, तरी उंचावर असल्यामुळे येथील हवा थंड व आरोग्यकारक होती. ‘कॅम्प दापोली’ हे नाव लोकांच्या तोंडी अद्यापही आहे. पलटणी गेल्या, तरी निवृत्त शिपायांनी हे गाव सोडले नाही. मुंबई इलाख्याच्या फौजेत कोकणातील महारांचा भरणा प्रारंभापासून मोठा होता. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्या शिपायांची जी नावे तेथील स्तंभावर कोरलेली आहेत, त्यांपैकी अनेकांच्या अखेरीस आढळणारे ‘नाक’ हे पद ह्याची साक्ष देते. अशा पलटणींतून सेवा करून परतलेल्या पेन्शनरांची वस्ती दापोलीच्या परिसरात वाढत गेली.

ह्या पेन्शनरांचे वेगळेपण तीन गोष्टींत होते. पहिली गोष्ट रोख पैशाची. गावगाड्यातील महार बलुत्यावर अवलंबून असे. गावाचा रोष ओढवला, की त्याची भाकरी बंद होई. पेन्शनराला मात्र सरकारी तिजोरीतून ठरावीक रक्कम मिळे आणि ती रोखण्याचे सामर्थ्य पाटलाकडे किंवा खोताकडे नव्हते. दुसरी गोष्ट अक्षरज्ञानाची. पलटणीतील शाळांत शिपायांना व त्यांच्या मुलांना शिक्षण मिळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे स्वतः लष्करी शाळेत दीर्घकाळ मुख्याध्यापक होते. गावातील शाळेची दारे ज्या समाजाला बंद होती, त्याला ही एक आडवाट मोकळी झाली होती. तिसरी गोष्ट शिस्तीची व दर्जाची. ज्याने नाईक, जमादार वा सुभेदार म्हणून माणसे हाताळली, त्याला सभा भरविणे, हिशेब ठेवणे आणि वरिष्ठांकडे रीतसर अर्ज करणे ही कामे अपरिचित नव्हती. आर्थिक निर्भयता, साक्षरता आणि संघटनेची सवय ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावाचून सार्वजनिक कार्य सहसा उभे राहत नाही. दापोलीत त्या एकत्र आल्या.

त्यांना वाचा देण्याचे काम गोपाळबाबा वलंगकरांनी केले. त्यांचा जन्म महाडजवळील रावढळ येथला. १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त होऊन ते दापोलीस स्थायिक झाले. महात्मा जोतीराव फुले ह्यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता. ‘दीनबंधु’ पत्रातून त्यांनी लेखन केले. अस्पृश्यतेच्या शास्त्राधाराविषयी उच्चवर्णीयांना प्रश्न विचारणारे त्यांचे ‘विटाळ विध्वंसक’ हे प्रकाशन १८८८ मधील होय. त्यानंतर लौकरच मंडळीचे कार्य आकारास आले. तिच्या नावाचा अर्थ दुहेरी लावता येतो. समाजावर लादलेले दोष दूर करावयाचे, आणि समाजात शिरलेले दोषही दूर करावयाचे. पहिल्या कामासाठी अर्ज व वृत्तपत्रीय लेखन ही साधने होती. दुसऱ्यासाठी स्वजनांत प्रबोधन हाच मार्ग होता. १८९५ मध्ये वलंगकरांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा उच्चवर्णीय सभासदांत नाराजी पसरली आणि वृत्तपत्रांतून वाद झडला. अर्ज लिहिणारा माणूस बोर्डाच्या बैठकीत बरोबरीने बसतो, ही गोष्ट त्या काळी किती दुःसह वाटत होती, हे ह्या वादावरून कळून येते.

परंतु ह्याच सुमारास मंडळीच्या पायाखालची जमीन सरकू लागली होती. १८९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत महारांची लष्करभरती बंद झाली. १८८५ ते १८९३ ह्या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स ह्यांच्या काळात, काही जातीच तेवढ्या लढाऊ होत, ह्या सिद्धान्ताला जोर चढला आणि जातवार पलटणींची पद्धती रूढ होत गेली. महारांबरोबर एका तुकडीत राहण्यास इतरांची तयारी नसणे हेही एक कारण ठरले. ह्या निर्णयाविरुद्ध मंडळीच्या वतीने वलंगकरांनी १८९४ मध्ये मराठीत विनंतीपत्र तयार केले. त्यात पूर्वसेवेचा दाखला होता, तसाच क्षत्रियत्वाचा दावाही होता. ‘अनार्य’ हे नाव धारण करणाऱ्या मंडळीने क्षत्रियत्व सांगावे, ही विसंगती वाटेल. पण ‘अनार्य’ ही भाषा फुल्यांच्या विचारातून आली होती, तर लढाऊ जातींच्या सिद्धान्ताला उत्तर देण्यासाठी सरकारला समजेल अशीच भाषा वापरणे अर्जदारांना भाग होते. अर्जाची भाषा नेहमी अर्ज वाचणाराही काही अंशी ठरवीत असतो, हे अभ्यासकाने विसरू नये.

येथे एक तुलना उपयुक्त ठरेल. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर, १८६६ मध्ये, संघराज्याच्या बाजूने लढलेल्या सैनिकांनी ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ ही संघटना स्थापिली. १८९० च्या सुमारास तिचे सभासद चार लाखांवर गेले आणि निवृत्तिवेतनाच्या कायद्यांवर तिचा प्रभाव पडला. सभासदत्व त्या युद्धातील सैनिकांपुरतेच असल्याने अखेरचा सभासद १९५६ मध्ये निवर्तताच ती संपुष्टात आली. दापोलीच्या मंडळीपुढे असाच अंत उभा होता. मात्र तो तिच्या घटनेमुळे नव्हे, सरकारी धोरणामुळे. भरती थांबली, म्हणजे केवळ नोकऱ्या गेल्या असे नव्हे. पुढल्या पिढीचा पेन्शनर, म्हणजेच पुढल्या पिढीचा निर्भय व साक्षर पुढारी, जन्मासच येणार नव्हता. म्हणून अमेरिकन सैनिकांची मुख्य मागणी स्वतःच्या वेतनाची राहिली, तर दापोलीकरांची मागणी मुलांच्या प्रवेशाची होती.

वलंगकर १९०० मध्ये निवर्तले. पण मागणी मागे राहिली नाही. पुण्यात शिवराम जानबा कांबळे ह्यांनी ती पुढे चालविली; १९१० मध्ये भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू ह्यांच्याकडे अर्ज गेला. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ पर्यंत ती मोडलीही गेली. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी, ज्या दापोलीत त्यांनी बालपणी पहिले धडे गिरविले, तेथील पेन्शनरांच्या काळाची आठवण करून दिली आणि समाजाच्या घसरणीचा संबंध लष्करबंदीशी जोडला. त्या परिषदेस आलेल्यांत युद्धावर जाऊन आलेले शिपाईही होते; हल्ला झाल्यावर त्यांनी प्रतिहल्ला केला नाही, ह्यात नेतृत्वाच्या आदेशाइतकाच त्यांच्या शिस्तीचाही वाटा होता. पुढे १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली, तेव्हा १८९४ च्या अर्जाला जवळजवळ अर्ध्या शतकाने उत्तर मिळाले.

ह्या इतिहासापासून निघणारा निष्कर्ष मर्यादित, पण महत्त्वाचा आहे. लष्कराने समता दिली, असे म्हणता येणार नाही. ज्या सत्तेने पेन्शन दिली, तिनेच एका हुकुमासरशी दारही लावले. मात्र मिळालेली पेन्शन, अक्षरे आणि शिस्त ह्यांचा विनियोग स्वतःच्या संसारापुरता न करता समाजासाठी करण्याचा निर्णय दापोलीच्या निवृत्त शिपायांचा स्वतःचा होता. आधार सरकारचा असला, तरी कर्तृत्व त्यांचे होते. स्वयंसेवी संस्थांचा अभ्यास करताना त्यांच्या उद्देशांबरोबरच, सभासदांची निर्भयता कोणत्या उत्पन्नावर उभी आहे आणि ते कोणाच्या हाती आहे, हा प्रश्नही विचारला पाहिजे. दापोलीच्या मंडळीचा उदय आणि अस्त ह्या दोहोंचे उत्तर त्याच प्रश्नात दडलेले आहे.