शेडचं दार बंद केलं, मग भुंगेरा आला कुठून?

"ताई, चांगला संशोधन प्रश्न कसा असतो?" असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. आज उत्तर आमच्या ट्रॅक्टरच्या शेडमधून देते.

चिखली तालुक्यात आमच्या घरी या शेडमध्येच तुरीची पोती ठेवतात. त्यातलीच थोडी तूर जूनच्या पेरणीला बियाणं म्हणून लागते. एका वर्षी मी पत्र्याच्या फटी बुजवल्या, दाराखाली रबरी पट्टी लावली, खिडकीला बारीक जाळी बसवली. उंदीर थांबले. पण उन्हाळ्यात पोतं उघडलं तर दाण्यांना गोल छिद्रं आणि वर तपकिरी भुंगेरे! बाबा म्हणाले, "अगं, तू तर किड्यांवरच शिकतेस ना? मग हे आले कुठून?"

चूक माझ्या प्रश्नातच होती. "कीड बाहेर कशी ठेवायची?" असं विचारताना ती बाहेरूनच येते, हे मी गृहीत धरलं होतं.

कडधान्यातल्या भुंगेऱ्याची, म्हणजे कॅलोसोब्रुकसची, मादी शेतात वाळत्या शेंगांवरही अंडी घालते. अळी दाण्यात शिरते आणि आतच वाढते. दाणा वरून धडधाकट दिसतो. उबदार हवेत साधारण महिनाभरात भुंगेरा छिद्र पाडून बाहेर येतो. म्हणजे कीड शेतातून दाण्यासोबत येऊ शकते, किंवा शेडमधल्या जुन्या पोत्यांच्या शिवणीतून. दोन्हीकडे शेवटी दिसतं ते छिद्र सारखंच.

मग प्रयोग असा मांडता येईल. खळ्यावरची तूर नीट मिसळा आणि 15 बरण्यांत सारखी भरा. चिठ्ठ्या टाकून त्यांचे 5-5 चे तीन गट करा.

अ गट: तूर आहे तशी, तोंडाला घट्ट मलमल.
ब गट: आठवडाभर उणे 18 अंशांवर गोठवलेली तूर, तोंड उघडं.
क गट: गोठवलेली तूर, तोंडाला मलमल.

गोठवल्याने आतली अंडी-अळ्या मरतात. मात्र पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर दाण्यांना ओल धरते.

अ गटात छिद्रं पडली तर कीड दाण्यासोबत आली. ब गटात पडली तर शेडमधून. क गटात पडली तर आपलीच पद्धत चुकली. नियंत्रण गट त्यासाठीच असतो. भुंगेरे मोजू नका, उघड्या बरणीतून ते उडून जातात. छिद्रं पडलेले दाणे मोजा. आणि हो, यंदाची पोती तोवर दुसरीकडे ठेवा. नाहीतर ब गटातली कीड जुन्या शिवणीतली की नव्या पोत्यातली, हे कळणारच नाही.

उत्तरावर उपाय ठरतो. कीड दाण्यात असेल तर जाळी लावून उपयोग नाही. तूर कडक वाळवून हवाबंद कोठीत काठोकाठ भरायची, म्हणजे आतला ऑक्सिजन संपून कीड वाढत नाही. शेडमध्ये असेल तर जुनी पोती काढा, कानाकोपरे झाडा.

पोखरलेला दाणा नीट उगवत नाही, म्हणून चुकीच्या प्रश्नाची किंमत आमच्याकडे जूनमध्ये, पेरणीच्या वेळी कळते. तुमच्या विषयातला प्रश्न आज एका ओळीत लिहा. मग त्याखाली लिहा, यात मी काय गृहीत धरलंय? बहुतेक वेळा संशोधन त्या दुसऱ्या ओळीपासूनच सुरू होतं.