बुटाच्या मधल्या थरात

बुटांच्या दुकानात ‘स्पोर्ट्स शूज’ अशी पाटी लावलेल्या फळीवर दोन वेगळ्या कामांच्या वस्तू शेजारीशेजारी मांडलेल्या असतात. एक स्नीकर, दुसरा धावण्याचा बूट. दोघांना नाड्या, दोघांना रबरी तळ, किंमतही पुष्कळदा सारखीच. गिऱ्हाईक रंग बघतं, कंपनी बघतं, अंगठ्याने टोक दाबून माप बघतं आणि खोकं काखेत मारून निघतं. माझं म्हणणं असं, की या दोहोंतला खरा फरक बाहेरून दिसतच नाही. तो पाऊल आणि तळाचं रबर यांच्यामधल्या दोन-तीन सेंटिमीटर फोममध्ये, म्हणजे मिडसोलमध्ये असतो. हा थर कशासाठी आहे ते समजलं, की कोणता बूट घ्यायचा याची अर्धीअधिक उलघाल संपते.

इतिहास थोडक्यात. रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याच्या कृतीचं अमेरिकन पेटंट चार्ल्स गुडइयरला १८४४ मध्ये मिळालं आणि कापडी बुटाला रबरी तळ लावण्याची वाट मोकळी झाली. आज जे स्नीकर्स कॉलेजात आणि ऑफिसात दिसतात, त्यांतले बरेचसे एके काळचे कोर्टवरचे बूट आहेत. १९१७चा कॉन्व्हर्स ऑल स्टार बास्केटबॉलचा, आदिदासचा सुपरस्टारही बास्केटबॉलचा, स्टॅन स्मिथ टेनिसचा, १९८२चा नायकी एअर फोर्स वन पुन्हा बास्केटबॉलचाच. कोर्टवर थांबायचं, वळायचं, बाजूला झेपावायचं असतं. म्हणून तळ सपाट, रुंद, जड आणि टणक. रस्त्यावर हेच गुण उपयोगी पडतात: बूट झिजत नाही, उभं राहताना पाय डगमगत नाही. धावणाऱ्याचं काम मात्र निराळं आहे. तो एकच हालचाल, एकाच दिशेने, हजारो वेळा करतो.

त्या हालचालीचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. चालताना एक ना एक पाऊल कायम जमिनीवर असतं. धावताना प्रत्येक टप्प्यात दोन्ही पावलं क्षणभर हवेत असतात आणि मग एकाच पावलावर शरीराच्या वजनाच्या साधारण दुप्पट ते तिप्पट भार येतो. ६५ किलोच्या माणसासाठी तो १३० ते १९५ किलो वजनाइतका झाला. पाच किलोमीटरला मीटरभर लांबीची पाच हजार पावलं धरली, तर प्रत्येक पायाला हे अडीच हजार वेळा सोसायचं आहे. शिवाय बुटाचं वजन. चामड्याचा स्नीकर सहज चारशे ग्रॅम भरतो, धावण्याचा बूट अडीचशे-तीनशे. दर बुटामागे शंभर ग्रॅम वाढले, की धावण्याला लागणारी ऊर्जा सुमारे एक टक्क्याने वाढते, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे.

आता मुख्य विषय, फोम. ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बोवरमन यांनी घरच्या वॉफलच्या साच्यात रबर ओतलं, ही १९७१ची गोष्ट सगळ्यांना आवडते. पण ती बाहेरच्या तळाची गोष्ट आहे. माझ्या मते खरी उलथापालथ १९७५ मध्ये झाली, ब्रुक्स कंपनीच्या व्हिलानोव्हा या बुटात ईव्हीए फोम आला तेव्हा. ईव्हीए म्हणजे वायूच्या असंख्य सूक्ष्म बंद बुडबुड्यांचा प्लास्टिकसदृश पदार्थ. पाऊल पडलं की बुडबुडे दबतात, उचललं की पुन्हा फुगतात. २०१३ मध्ये आदिदासने फुगवलेल्या पॉलियुरेथेनचे दाणे एकमेकांना चिकटवून बूस्ट हा फोम आणला. २०१७ मध्ये नायकीच्या व्हेपरफ्लायमध्ये पेबा जातीचा, त्याहून हलका आणि जास्त उसळणारा फोम आला, सोबत कार्बनची पट्टी. कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी हे तिन्ही प्रकार यंत्राखाली दाबून पाहिले. दाबताना दिलेल्या ऊर्जेपैकी ईव्हीएच्या बुटाने सुमारे ६६ टक्के परत दिली, बूस्टच्या बुटाने ७६ आणि पेबाच्या बुटाने ८७. अठरा कसलेले धावपटू धावले तेव्हा पेबाच्या बुटात ऊर्जेचा खर्च सरासरी चार टक्क्यांनी कमी भरला. शेवटी जागतिक अ‍ॅथलेटिक्स महासंघाला २०२० मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळाच्या जाडीवर ४० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. खेळाडूच्या पायाखालच्या फोमसाठी नियम करावा लागतो, यातच त्या थराचं वजन कळतं.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: अबेबे बिकिला १९६० मध्ये रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकला, मग फोमचं एवढं कौतुक कशाला? आक्षेप रास्त आहे. मात्र चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला आणि तीन मिनिटांहून अधिक लवकर पोचला, हेही त्याच चरित्रात आहे. आणि लहानपणापासून अनवाणी वावरलेलं पाऊल ज्या सहजतेने चवड्यावर उतरतं, ती सवय बूट घालून वाढलेल्या माणसाला चार दिवसांत येत नाही. शिवाय अनवाणी पायाचं उदाहरण स्नीकरच्या बाजूने मुळीच बोलत नाही. स्नीकरमध्ये अनवाणी पायाचा हलकेपणा नाही आणि फोमचा आधारही नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हा सगळा कंपन्यांच्या जाहिरातीचा खेळ आहे. काही अंशी आहेच. पावलाची कमान पाहून ठरावीक जातीचा बूट द्यायचा, ही दुकानांतली जुनी पद्धत अमेरिकी सैन्यदलांच्या भरतीतल्या प्रशिक्षणार्थींवर तपासली गेली, तेव्हा तिने दुखापती कमी झाल्या नाहीत. म्हणून महागडं पाऊल-परीक्षण करून घेण्याची गरज मला वाटत नाही. पायाला घातल्याक्षणी सुखाचा वाटेल तो घ्यावा. पण कमानीचा दावा फसला म्हणून फोमचा दावा फसत नाही. लक्झेंबर्गमध्ये ८४८ धावणाऱ्यांना दिसायला सारखे, पण कमी-जास्त टणक बूट देऊन सहा महिने पाहिलं गेलं. टणक बूट मिळालेल्यांना दुखापतीचा धोका सुमारे दीडपट होता. हा फरक हलक्या वजनाच्या धावणाऱ्यांत ठळक होता, हे सांगायलाच हवं.

मग धावण्याचा बूटच दिवसभर का घालू नये? मऊ तर तोच आहे. कारण तो मऊपणा खर्च होतो. साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर बूट बदलावा असं धरतात. तळाचं रबर शाबूत दिसत असलं तरी आतला फोम थकलेला असतो. आठवड्याला तीस किलोमीटर धावणाऱ्याचे हे चार ते सहा महिने झाले. तोच जोड बाजाराला, बसला, ऑफिसला वापरला, तर फोम तिथेच दमतो. शिवाय उंच, मऊ तळ बाजूच्या हालचालीला वाईट. बॅडमिंटनला त्यात घोटा मुरगळण्याची भीती जास्त, आणि व्यायामशाळेत खांद्यावर वजन घेऊन बैठक मारताना तो पायाखाली दबत राहतो. तिथे सपाट तळाचा स्नीकर बरा, बॅडमिंटनला तर कोर्टचाच बूट हवा.

दोन जोड परवडतात त्यांच्यासाठी उत्तर सरळ आहे. एकच परवडतो त्यांचं काय? महाराष्ट्रात हा प्रश्न सगळ्यात निकडीचा आहे तो पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी, १६०० किंवा ८०० मीटरसाठी, पहाटे डांबरी रस्त्यावर सराव करणाऱ्या मुलामुलींना. त्यांनी दिसायला झोकदार स्नीकरवर पैसे घालू नयेत. कार्बनपट्टीचाही मोह नको. साधा ईव्हीए तळाचा हलका धावण्याचा बूट घ्यावा, संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा ठेवून. तो सरावापुरताच घालावा. उरलेल्या दिवसाला आपल्याकडे चप्पल आहेच. पावसात भिजला तर आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवावा; चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवला, तर डिंक सुटतो आणि फोम आखडतो.